सिनॉप्सिस मंजूर होईपर्यंत

एम.ए. जनसंज्ञापनाच्या शेवटच्या वर्षाला लघुशोधप्रबंध असतो आणि तो विद्यार्थ्याने लिहायचा असला, तरी त्याचा पहिला ताप मार्गदर्शकाला चढतो. सत्र सुरू झाले न झाले तोच विद्यार्थी केबिनच्या दारात उभे राहू लागतात आणि त्यांतल्या निम्म्यांच्या कागदावर ‘समाजमाध्यमांचा युवकांवरील परिणाम’ हेच शीर्षक असते. कोणती समाजमाध्यमे, कुठले युवक आणि कसला परिणाम, असे विचारले की तिन्ही प्रश्नांना मिळून ‘सगळेच, सर’ असे एकच उत्तर येते. हा उत्साह काही आजचा नाही. अमेरिकेत १९२९च्या सुमारास, सिनेमाचा मुलांवर काय परिणाम होतो हे शोधायला पेन फंड नावाच्या खासगी निधीच्या पैशांतून विद्वानांची अख्खी फौज बसवण्यात आली होती आणि तिला त्यासाठी काही वर्षे आणि अनेक खंड लागले. आमच्याकडे तेच काम दिवाळीच्या सुट्टीत, ऐंशी पानांत, स्पायरल बाइंडिंगसकट उरकायचे असते.

यंदा माझ्या वाट्याला बार्शीची एक विद्यार्थिनी आली. तिने युवकांना वगळले, एवढ्यावरूनच मला तिच्याविषयी आदर वाटू लागला होता. पण तिचा विषय होता ‘व्हॉट्सअ‍ॅपचा ज्येष्ठ नागरिकांवरील परिणाम’. परिणाम सिद्ध करायचा, तर आधी काय होते, नंतर काय झाले आणि जे झाले ते दुसऱ्याच कशामुळे झाले नाही ना, हे सगळे दाखवावे लागते, असे मी तिला समजावले. उदाहरणही आपल्याच मातीतले दिले. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळे स्थापन केली. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शक्य ते अमलात आणायचे, अशी ती योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मंडळे असलेली आणि नसलेली गावे निवडून, कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर मुलाखती घेऊन, लोकांच्या माहितीत पडलेला फरक मोजला. हे सारे तिने वहीत मन लावून उतरवून घेतले आणि विचारले, “सर, एवढ्या गावांना एसटी जाते का?”

‘परिणाम’ त्याच दिवशी निकालात निघाला. मग दर भेटीत विषयाची एकेक बाजू तासली जाऊ लागली. महाराष्ट्रातले ज्येष्ठ गेले, सोलापूर जिल्ह्यातले गेले आणि अखेर तिचे आजोबा ज्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद आहेत, त्या संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेवढा शिल्लक राहिला. त्यातही सुप्रभात, श्रद्धांजली आणि वाढदिवस बाजूला काढून फक्त आरोग्यविषयक सल्ले तपासायचे ठरले, कारण कोमट पाण्याच्या महतीवरच तिथे रोज एक ग्रंथ प्रसिद्ध होतो. विषय असा आक्रसत असताना शीर्षक मात्र फुगत चालले होते. शेवटी ते ‘बार्शी शहरातील एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातील अनेकदा अग्रेषित झालेल्या आरोग्यविषयक संदेशांचे आशयविश्लेषण व सभासदांची ते पुढे पाठविण्यामागील कारणे : एक अभ्यास’ असे झाले, आणि ते मुखपृष्ठावर बसवायचे, तर विद्यापीठाचे बोधचिन्ह छपाईवाल्याला टपाल तिकिटाएवढे करावे लागणार होते.

यातले ‘अनेकदा अग्रेषित’ हे मात्र तिचे स्वतःचे आणि मला मनापासून आवडलेले योगदान. जो संदेश पाच किंवा त्याहून अधिक टप्प्यांतून फॉरवर्ड होत आलेला असतो, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप दोन बाणांची खूण दाखवते आणि २०२०पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे संदेश ‘व्हायरल’ आहे की नाही यावर वाद घालायलाच नको, बाण मोजले की झाले. आमच्या विषयात बिनवादाने मोजता येईल अशी गोष्ट क्वचितच हाती लागते, त्यामुळे त्या आनंदात मी तिला चहा पाजला.

पुढचा अडथळा आकड्याचा होता. नमुना म्हणून किमान किती माणसांना प्रश्न विचारायचे, याचा ३८४ हा आकडा आमच्या विद्यार्थ्यांना पाढ्यासारखा पाठ असतो. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के त्रुटी धरून मोठ्या लोकसंख्येसाठी तो निघतो, हे खरे. पण या संघाचे एकूण सभासदच साठ-सत्तर. “उरलेले कुठून आणू, सर?” असे तिने काकुळतीने विचारले, तेव्हा सगळ्यांनाच विचारलेस की नमुना काढायची गरजच उरत नाही, हे पटवण्यात माझी अख्खी दुपार गेली. संमतीचे प्रकरण त्याहून नाजूक निघाले. ग्रुपमधले संदेश वाचायचे, तर प्रत्येक सभासदाची लेखी संमती हवी. पण ग्रुपचे अ‍ॅडमिन असलेल्या तिच्या आजोबांनी सर्वांच्या वतीने एकट्यानेच सही करून दिली आणि वर संघाचा शिक्काही मारला.

साहित्याच्या आढाव्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात बुडी मारून ती ज्या प्रबंधांची टिपणे घेऊन आली, त्यांतल्या प्रस्तावना एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या होत्या. २०१८च्या यूजीसी नियमांप्रमाणे इतरांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, हे कळल्यावर “म्हणजे ऐंशीपैकी आठ पाने ना, सर?” असा हिशेब तिने तत्काळ मांडला.

खरी करमणूक प्रश्नावलीने केली. लिकर्टसाहेबांनी १९३२मध्ये मांडलेली ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतची पाच पायऱ्यांची श्रेणी अजूनही जगभर वापरली जाते, पण पूर्वचाचणीसाठी निवडलेल्या आजोबांच्या मित्रमंडळाला ‘तटस्थ’ हा पर्यायच मान्य नव्हता. “आम्ही संघाच्या निवडणुकीत तटस्थ राहिलो नाही, ते हळदीच्या दुधाबाबत राहू?” असे एका काकांनी ठणकावून विचारले. ‘आपण दिवसातून किती वेळ मोबाइल पाहता?’ या प्रश्नाला एका आजींनी ‘चष्मा सापडतो तेव्हा’ असे उत्तर दिले, ते कुठल्या रकान्यात टाकायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही. ‘खात्री न करता आपण संदेश पुढे पाठवता का?’ यावर सर्वांनी एकमुखाने ‘कधीच नाही’ लिहिले. असा प्रश्न असाच विचारला, तर माणूस स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही, हे मी आधी बजावले होते. म्हणून तो बदलून ‘शेवटचा आरोग्यसंदेश आपण कुणाला पाठवला आणि का?’ असा केला. त्याबरोबर उत्तरांचा पूर लोटला. मुलाला पाठवला, कारण तो फोन करत नाही. व्याह्यांना पाठवला, कारण त्यांनी काल पाठवला होता. आणि डॉक्टरांना पाठवला, कारण त्यांनाही कळायला हवे.

ही कारणे वाचून मी मनोमन खूश झालो. संदेशाच्या खरेखोटेपणाशी त्या पाठवण्याचा फारसा संबंध नसून नात्यांची देवाणघेवाण हेच त्यातले मुख्य काम आहे, असा काहीसा निष्कर्ष समोर दिसू लागला होता. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, तपासणाऱ्या समितीनेही शीर्षकातला एक स्वल्पविराम हलवून तो मंजूर केला. सुधारलेली प्रश्नावली गूगल फॉर्मवर चढवून तिने आजोबांकरवी संघाच्या ग्रुपवर टाकली.

दोन दिवसांत प्रतिसादांची संख्या सभासदसंख्येच्या पुढे गेली आणि ३८४ ओलांडूनही थांबेना. नागपूर, बेळगाव, न्यू जर्सी असे पत्ते दिसू लागले. आजोबांनी फॉर्मवर ‘ज्येष्ठांसाठी अत्यंत उपयुक्त, जरूर भरा व इतरांनाही पाठवा’ अशी ओळ स्वतःच्या पदरची जोडली होती. त्याच संध्याकाळी माझ्या नाशिकच्या मावशींकडून तो फॉर्म मलाही आला, दोन बाणांसह.

विद्यार्थिनी रडवेली होऊन केबिनमध्ये आली आणि म्हणाली, “सर, आता हे निष्कर्षांत घालू की मर्यादांमध्ये?” संघाचे सभासद तेवढे चाळून वेगळे काढ आणि बाकीचा गोतावळा परिशिष्टात टाक, असे मी सांगितले. आजोबांना मात्र काही सांगायला जाऊ नकोस, हेही बजावले. नाहीतर ‘संशोधनात आपल्या संघाचा जगभर बोलबाला’ अशी बातमी ते पुढे पाठवतील.