ॲडजस्ट म्हणे!

"थोडं ॲडजस्ट करा ना" एवढं कानावर पडलं तरी आता तळपायाची आग मस्तकात जाते. घड्याळ ॲडजस्ट करा, गाडीचा आरसा ॲडजस्ट करा, माझं काही म्हणणं नाही. पण माणसाला सांगताना आपल्याकडे याचा अर्थ एकच उरलाय: तुझ्या हक्काचं मला दे आणि वर तोंड उघडू नकोस.

लोकलमधली चौथी सीट मला मान्य आहे. तिघी सरकतात, चौथी जेमतेम टेकते, ठाण्याला कुणी उतरलं की तीही नीट बसते. आज तुझी पाळी, उद्या माझी.

संताप येतो तो लांबच्या गाडीत. आईचे गुडघे गेलेत, तिला वर चढता येत नाही. म्हणून ६० दिवस आधी बुकिंग उघडतं तेव्हाच तिच्यासाठी लोअर बर्थ घेऊन ठेवते. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद, म्हणजे पैसेही पूर्ण. आणि डब्यात शिरावं तर तिच्या जागेवर अख्खं कुटुंब जेवणाचे डबे उघडून बसलेलं! "काकू, आम्ही सगळे एकत्र आहोत, तुम्ही तिकडे वरच्या बर्थवर ॲडजस्ट करा." अहो, आधी विचारा, मग बसा! नाही म्हटलं की लगेच "माणुसकीच राहिली नाही". सत्तरी उलटलेल्या बाईला शिडी चढायला लावणारे हे लोक माणुसकी शिकवणार?

रात्री १० ते सकाळी ६ झोपायची वेळ, हा रेल्वेचाच नियम. तरी साडेअकराला पत्ते कुटणाऱ्यांना उठा म्हटलं की भांडखोर आपणच.

आणि हे सांगितलं जातं कुणाला, बघा. बाईला, म्हाताऱ्याला, एकट्या प्रवाशाला, घरात नव्या सुनेला. "मुलगी ॲडजस्ट करणारी हवी" हे प्रत्येक स्थळाच्या वेळी ऐकलंय. मुलगा ॲडजस्ट करणारा हवा, असं एकाही घरातून ऐकलं नाही. दांडग्याला कुणी ॲडजस्ट करायला सांगत नाही, कारण तो करणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. जो गप्प बसेल, त्यालाच सरकवायचं.

यापुढे आईच्या बर्थवर कुणी पसरलेलं दिसलं तर मी हुज्जत घालणार नाही. सरळ टीसीला बोलावणार, तो आला नाही तर रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला फोन लावणार. डबाभर लोकांनी मला वाईट म्हटलं तरी चालेल, आई खालीच झोपणार.