ओपन रेट बघून लिस्ट घेताय? जरा थांबा

"न्यूजलेटरमध्ये पैसे देऊन जाहिरात टाकायची तर ज्याचा ओपन रेट जास्त तीच लिस्ट घ्या" असा मेसेज फिरतोय, तो अर्धवट आहे. लिस्ट म्हणजे न्यूजलेटर ज्यांना जातं त्यांच्या पत्त्यांची यादी, आणि ओपन रेट म्हणजे गेलेल्या मेलपैकी किती उघडले त्याचं प्रमाण. ओपन मोजतात कसं, तर मेलमध्ये एका पिक्सेलचं न दिसणारं चित्र असतं, ते लोड झालं की ओपन धरतात. पण सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, आणि ज्यांनी ते चालू ठेवलंय त्यांच्या मेलमधली चित्रं ॲपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात, माणसाने मेलला हात लावला नाही तरी ओपन लागतो. जाहिरातीची जागा विकणारा खोटंच बोलतोय असं नाही हां, त्यालाही तोच आकडा दिसतो बिचाऱ्याला.

क्लिकवर पण डोळे झाकून विश्वास नको. ऑफिसांचे सिक्युरिटी फिल्टर लिंका आपणहून उघडून बघतात, मेल गेल्यागेल्या काही सेकंदात एकाच पत्त्यावरून सगळ्या लिंकांवर क्लिक पडले, तेही अनसबस्क्राइबसकट, तर तो बहुतेक माणूस नाहीच. मी तरी आधी जाहिरातीचा एकच छोटा स्लॉट घेतो, प्रत्येक लिस्टला वेगळी यूटीएमवाली लिंक (म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण जोडलेली लिंक) देतो आणि खर्च भागिले आलेल्या ऑर्डरी एवढंच बघतो. आणि पत्ते जमवले कसे ते आधी विचारा, कुठून विकत आणलेले असले तर तिथूनच मागे फिरा.