एका दिवसात निसर्ग कसा उरकावा

सहल शनिवारी रात्री अकरानंतरच ठरवावी. आठवडाभर आधी ठरवलेली सहल टिकत नाही. कुणाच्या तरी चुलतसासऱ्याचं वर्षश्राद्ध निघतं. रात्री अकराला साडूभाऊंचा फोन येतो, "उद्या जरा निसर्गात जाऊन येऊ," आणि आपण बायकोकडे न बघता "हाव" म्हणून मोकळं व्हायचं. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला याबाबतीत काही कमी नाही. चारही दिशांना निसर्ग आहे आणि चारही दिशांचे रस्ते खोदलेले आहेत.

निघायची वेळ पहाटे पाचची जाहीर करावी, म्हणजे साडेनऊपर्यंत गाडी हलते. गाडी सात जणांची असेल तर नऊ जण न्यावेत. ज्यांना जागा मिळत नाही त्यांना निसर्ग जास्त जवळून दिसतो, कारण त्यांचं नाक काचेला चिकटलेलं असतं. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घ्यावीच, आणि शहराची हद्द ओलांडायच्या आत संपवावी. पुढे ढाब्यावर पनीर खायचंय.

यादी लांबलचक असावी. सकाळी गौताळ्यात बिबट्या, दुपारी म्हैसमाळला धुकं, चार वाजता पैठणला रोहित पक्षी, आणि येता येता नाशिककडे वळून थोडी वाइन. एक उत्तरेला, एक दक्षिणेला, एक पश्चिमेला, असल्या शंका काढणाऱ्या माणसाला मागच्या सीटवर पोरांमध्ये बसवावं. मोबाइलच्या नकाशावर ही सगळी ठिकाणं अंगठ्याखाली झाकली जातात.

आता गौताळा. कन्नडच्या पुढे, संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेलं हे अभयारण्य 1986 साली जाहीर झालं आणि ते सुमारे 260 चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्या पसाऱ्यात आपण कुठे आहोत हे बिबट्याला कळावं म्हणून आत शिरताना काचा खाली कराव्यात आणि गाणं मोठं करावं. बिबट्या दिवसा झोपतो असं जाणकार सांगतात. झोपू दे की, पण पाहुणे एवढं डिझेल जाळून आल्यावर उठून बसायची रीत जंगलातही असायला हवी. वाटेत वानरं भेटतात. त्यांना वेफर्स घालावेत आणि त्यांनी पोराच्या हातातलं पाकीट ओढून नेलं की "फार सोकावलीयेत" म्हणून वनखात्याला नावं ठेवावीत. पितळखोऱ्याची लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत, पण तिथे पायऱ्या उतरून जावं लागतं आणि नंतर त्याच पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे ती वरूनच बघितलेली बरी. तिथला पोट सुटलेला हसरा यक्षसुद्धा केव्हाच दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मुक्कामाला गेला. त्याची तब्येत बघता त्यालाही त्या पायऱ्या जमत नसाव्यात.

जंगलात वनरक्षक दिसला की एकच प्रश्न विचारायचा: "वाघ किती वाजता येतो?" आमच्या साडूभाऊंनी विचारला. प्रश्न अगदीच वेडा नव्हता. कित्येक दशकं इथे वाघ नव्हता. 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक तरुण नर चालत चालत गौताळ्यात आला. वयात आलेल्या वाघाला स्वतःचा इलाका लागतो, आणि टिपेश्वरमध्ये सगळे प्लॉट आधीच गेलेले. 2024 च्या डिसेंबरात आणखी एक असाच निघाला तो थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पोचला. शेतं, हायवे, कॅनॉल, गावं ओलांडत, रात्रीचं चालत, टोल न भरता. आमच्याकडचं पोरगं शिकून पुण्याला जातं, वाघाचं पोरगं मात्र मराठवाड्यात नशीब काढायला येतं. कुठेतरी समतोल साधला जातोय म्हणायचा.

वनरक्षक काही बोलला नाही. त्याने वाटेच्या कडेला काठीने एक पांढरट, वाळलेला गोळा उलटा केला. विष्ठा. तिच्यात करड्या केसांची गुंतवळ होती आणि मध्येच काळं, नखाएवढं काहीतरी चमकत होतं. त्याने काठीच्या टोकाने ते वेगळं केलं. नखच होतं, वानराचं. "बिबट्या. परवाचा असंल," तो म्हणाला. "तुमी गाडी बंद केल्यापासून तो तुमाला बघत असंल. तुमाला न्हाई दिसायचा." गाडीतलं गाणं कुणीतरी बंद केलं. साधारण एक मिनिट नऊच्या नऊ माणसं गप्प उभी होती आणि कुणीही फोटो काढला नाही. असे प्रसंग सहलीत टाळावेत. गटावर टाकायला काही उरत नाही.

खरं म्हणजे बिबट्यासाठी गौताळ्याला जायचं कारणच नाही. डिसेंबर 2019 मध्ये तो आमच्या शहरातच, सिडकोत एन-1 ला आला होता, भरवस्तीत, बागेत. जुलै 2024 मध्ये उल्कानगरीत दिसला आणि मग मॉलजवळच्या सीसीटीव्हीत. त्या आठवड्यात शहरातली माणसं संध्याकाळची फिरायला जाईनात. पाहुण्याने फोन न करता आलेलं आपल्याला आवडत नाही. आपण मात्र त्याच्याकडे नऊ जण, हॉर्न वाजवत.

म्हैसमाळबद्दल फार लिहायचं कारण नाही. पावसाळी रविवारी तिथे धुकं असतं, धुक्यात भाजलेलं कणीस असतं आणि कणसाच्या मागे गाड्यांची रांग असते. रांगेतून वळून परत यावं.

पैठणला मात्र वेळ काढून जावं, शक्यतो चुकीच्या महिन्यात. नाथसागरावरचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावरचे, स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात, त्यामुळे आपण जुलैत जायचं. तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं, काठावर भेगाळलेला गाळ असतो, आणि उन्हाळ्यात कुणी गाळपेर केलेली असली तर टरबुजाचे वाळके वेल असतात. समोर एखादी टिटवी ओरडत असते. तिला "फ्लेमिंगोचं पिल्लू" म्हणून पोरांना दाखवावं. हिवाळ्यात चुकून गेलातच तर एकच नियम: पांढरा असेल तो बगळा, बाकी सगळे बदक. पट्टकादंब नावाचा हंस हिमालय ओलांडून इथवर येतो, हे शक्यतो कुणाला सांगू नये. लगेच कुणीतरी आपल्या बालाजीच्या प्रवासाची हकिकत सुरू करतं. आमच्या मावशींना मात्र एक पक्षी आवडला. साधंच तपकिरी बदक, पण चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका. नाव विचारलं तर नावाडी म्हणाला, "हळदी-कुंकू." मावशींनी पदर सावरला आणि अभावितपणे हात जोडले.

पक्ष्यांपेक्षा दरवाजे बघायला जास्त गर्दी होते हेही लक्षात ठेवावं. जायकवाडीला 27 दरवाजे. एखाद्या वर्षी धरण भरून ते उघडले की निम्मं शहर पैठणच्या रस्त्यावर. पाणी गोदावरीत सुटतं, आपण त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढायचा, म्हणजे पाणी मागे आणि आपण पुढे. मराठवाड्याच्या पाण्याचं बहुतेक असंच होतं.

आता वाइन. मराठवाड्याला आणि वाइनला काय देणं-घेणं, असं विचारणाऱ्याला पैठणच्या टेकाडावर उभं करावं. इथली पोटं दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माल रिचवत होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने आपल्या टिपणात पैठण आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर या दोन्ही बाजारपेठांची नावं लिहून ठेवली आहेत; पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांवरून गुजरातेतल्या भडोचच्या बंदराला जायचं, आणि भडोचला जहाजातून वाइन उतरायची. त्यातही इटलीची जास्त पसंतीची, असं त्याने नोंदवलंय. रोमन रांजणांचे तुकडे तेरच्या मातीत सापडले आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेशातली मंडळी प्याला हातात घेऊन निवांत बसलेली आहेत. त्यांना बघायला गेलेल्यांनी त्यांचा आदर्श ठेवावा: ती मंडळी दीड हजार वर्षं पीत आहेत, पण गाडी चालवत नाहीत.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून नाशिकची बाजू जवळ आली. तिथल्या एका वाइनरीत आम्ही जुलैतच गेलो, आणि साडूभाऊंचा पहिला प्रश्न होता, "द्राक्षं कुठायत?" वेलींवर नुसता पाला. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, द्राक्षं जानेवारीनंतर, हे तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं. साडूभाऊंचे वडील बागाईतदार होते. ते बाजूला बघायला लागले.

चाखण्याची पद्धत शिकून घ्यावी. प्याला देठाला धरायचा, फिरवायचा, नाक आत घालायचं आणि "मातीचा वास येतोय" म्हणायचं. मातीचाच वास हवा असेल तर पहिल्या वळवानंतर आपल्या गच्चीवर फुकट मिळतो, पण तिथे कुणी प्याला फिरवून देत नाही. मग घोट तोंडात घोळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुंकायचा. हे मात्र आपल्याला शिकवावं लागत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी सराव मोडलेला नाही; साडूभाऊंनी चार फुटांवरून भांडं गाठलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी हे सगळं जालन्याकडच्या मामेभावाला रंगवून सांगितलं. त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. तिकडे कडवंची गावाने शेततळी खोदून द्राक्षं पिकवून दाखवली, ते बघून यानेही कर्ज काढून शेततळं घेतलं. "तू पण वाइनची जात लाव, टेस्टिंग ठेव, लोक येतील," मी म्हणालो. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "काहून येतील भाऊ? गेल्या उन्हाळ्यात टँकरनं जगवलीय बाग. त्याच टँकरचं पाणी पाजलं तर चालंल का टेस्टिंगला?" मी विषय बदलला. वाइन हा हलक्याफुलक्या गप्पांचा विषय आहे. त्यात पाणी आणू नये. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला इथल्या मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्यावर आणायचा आदेश द्यावा लागला. असली आठवण निघाली की पार्टीचा मूड जातो.

मूड सांभाळायचा असेल तर डिसेंबरात हुरड्याला जावं. पूर्वी हुरडा खायला ओळखीचा शेतकरी लागायचा, आता माणशी दर लागतो. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजतात, हातावर चोळून गरम दाणे समोर ठेवतात. चोळणाऱ्या बाईच्या तळहाताला काळी, जाड कातडी आलेली असते. तिकडे बघू नये, चटणी तिखट आहे का ते विचारावं. शेजारी रेन डान्स सुरू असतो. ऐन मराठवाड्यात, पाइपातून पाऊस.

परतीचा प्रवास शांततेत करावा, कारण सगळे झोपलेले असतात आणि चालवणारा झोपण्याच्या बेतात असतो. त्या गौताळ्याच्या रविवारी केदारकुंडाच्या धबधब्याखाली आम्ही दीड तास भिजलो होतो. कपडे चिखलाने माखलेले, पोरांच्या केसांत शेवाळ. कन्नड सोडल्यावर मोबाइलला रेंज आली आणि सोसायटीच्या गटावरचे निरोप एकामागून एक पडायला लागले.

11.40: पाणी आलं.
11.52: फोर्स कमी आहे, मोटार लावू नका.
12.05: बी विंगवाल्यांनी मोटार लावली आहे.
12.30: गेलं.

"आता पुढचं कधी?" बायकोने विचारलं. मी गटावर विचारलं. कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

डिकीत पिण्याच्या पाण्याच्या तीन बाटल्या उरल्या होत्या, वीस रुपयेवाल्या. एकीत साडूभाऊंच्या पोराने धबधब्याचं पाणी भरून घेतलं होतं, आठवण म्हणून. रात्री दहाला त्याच पाण्याने त्याचे पाय धुतले.