होडीला शिरवाळे

आज सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि मोबाईलवर होडी भाड्याने देणाऱ्या दुकानाची मेल आली. आमच्या अनामत रकमेतून ३५ डॉलर कापले आहेत. कारण : चिकटपणा काढण्याची मजुरी, पाऊण तास. खाली हसरा चेहरा आणि 'पुन्हा नक्की या!'

चहा निवला. ३५ डॉलरसाठी माणसाने दिवस नासवू नये हे मला कळतं. पण ज्या चिकटपणाचे पैसे कापले तो मी हौसेने केलेला नव्हता, माझ्या गुडघ्यांसाठी केला होता. आणि ते गुडघे त्यांच्याच होडीने फोडले होते.

झालं असं, की कॅनडा डेच्या सुट्टीत मंडळातली आम्ही चार कुटुंबं टोरोंटोच्या उत्तरेला मस्कोकात एका तळ्याकाठी दोन दिवस राहायला गेलो. तिथे भाड्याने कनू घ्यायची ठरली. कनू म्हणजे ती दोन्ही टोकांना निमुळती होडी. कॅनडात हिला देव्हाऱ्यातच ठेवायचं बाकी आहे. मला मात्र इथे अकरा वर्षं काढूनही हा शब्द ऐकला की डोंबिवलीतले आमच्या मजल्यावरचे कनुभाई आठवतात. तेही असेच लांबट, शांत, आणि जरा रेलून बसलं की कलंडणारे.

आमच्या वाट्याला आली ती अ‍ॅल्युमिनियमची, सतरा फुटी. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने युद्ध संपता संपता याच पत्र्याच्या कनू काढल्या. आमचीही त्याच घराण्यातली असावी, कारण तिच्या अंगावर विमानासारखे रिव्हेट होते आणि माणसाविषयी तेवढाच जिव्हाळा. सकाळी बर्फ, दुपारी तवा. वल्हं जरा आपटलं की भांड्यांचं कपाट पडल्यासारखा आवाज.

कनूत गुडघे टेकून बसावं असं जाणकार सांगतात. वजन खाली राहतं, दोन गुडघे दोन बाजूंना आणि बूड बैठकीच्या कडेला, अशी तिवई होते आणि होडी डगमगत नाही. शास्त्र बरोबर आहे. पण आम्हाला शाळेत गुडघ्यांवर बसवायचे ते गृहपाठ केला नाही म्हणून, आणि तेही फुकट. इथे तासाचे पैसे मोजून बसायचं. शिवाय माझे गुडघे आता सत्यनारायणाला मांडी घातली तरी तिसऱ्या अध्यायात कुरकुरतात. म्हणून मी बैठकीवर बसलो आणि तोल सांभाळायला गुडघा बाजूच्या काठाला टेकवला. या काठाला इंग्रजीत गनल म्हणतात. पूर्वी मोठ्या गलबतांवर तिथे तोफा ठेवत, म्हणून नावात 'गन' आहे. पहिल्या तासाभरात माझ्या उजव्या गुडघ्याला ते नाव पटलं. कातडी सोलून आतला गुलाबी रंग दिसायला लागला होता.

उपाय बायकोनेच सुचवला. जवळच्या गावातल्या स्वस्ताईच्या दुकानातून पूल नूडल आणायचे. पोहायला शिकणारी मुलं पोटाखाली धरतात ते फोमचे लांब, रंगीत, मधून पोकळ दांडके. उभा चर पाडायचा की काठावर चपखल बसतात. मी दोन निळे, दोन गुलाबी असे चार घेतले आणि सरकू नयेत म्हणून चंदेरी टेपचं एक भेंडोळं. हे भेंडोळंच पुढे ३५ डॉलरला पडलं.

धक्क्यावर मी पाव कापायच्या सुरीने नूडल चिरत बसलो होतो. तेवढ्यात काका आले.

काका म्हणजे आमच्या एका मित्राचे वडील. मालवणचे. वय अठ्ठ्याहत्तर, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. डोक्यावर नातवाची बेसबॉलची टोपी, गळ्यात शिट्टी. शिट्टीचा खुलासा केला पाहिजे. इथल्या नियमाप्रमाणे कनूत माणशी एक लाइफ जॅकेट, पंधरा मीटरची तरंगणारी दोरी, पाणी उपसायला भांडं आणि आवाज करायला काहीतरी ठेवावं लागतं. हे सगळं एका डब्यात घालून देतात. काकांनी डबा उघडला, दोरीला नाक मुरडलं आणि शिट्टी तेवढी गळ्यात घातली. तेव्हापासून जिथे जिथे त्यांना काही चुकीचं दिसेल तिथे ती वाजत होती. तळ्यावर चुकीच्या गोष्टी भरपूर होत्या.

फुर्र! "झिला, ह्या काय करतंस?"

"नूडल लावतोय काका. गुडघ्याला काठ लागतो ना."

"नूडल? म्हंजे शेवयो?"

"नाही, ते नुसतं नाव आहे."

काकांनी एक निळा तुकडा उचलला, भोकातून तळ्याकडे पाहिलं, मग दाबला, मग हुंगला. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "मेल्या, हे तर शिरवाळे!"

मालवणी माणसाला शिरवाळ्यांबद्दल सांगायला नको. इतरांसाठी : तांदळाचा उकडलेला गोळा साच्यातून दाबून पाडलेल्या शेवया, नारळाच्या गोड रसाबरोबर खायच्या. साचा दाबायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात. काकांनी मागे वळून तंबूकडे हाक मारली, "अगो, बघलंस? ह्येना होडयेक शिरवाळे लावल्यान!"

काकू आल्या. सूनबाई आली. दोन मुलं आली. शेजारच्या तंबूतलं एक कॅनेडियन जोडपं, ज्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तेही हसरे चेहरे करून आलं. मी सुरी हातात धरून मधे बसलेलो.

"गाद्ये घालून निजाक जातंस काय वल्हवूक?" काकांनी विचारलं.

"काका, गुडघा बघा." मी सोललेला गुडघा पुढे केला. वाटलं, म्हातारा माणूस, कळवळेल.

"माझ्या बापाशीन चाळीस वर्सां होडी वल्हवल्यान," काका म्हणाले. "तेच्या गुडघ्याक कधी गादी लागूक नाय."

"त्यांचे गुडघे दुखत नव्हते?"

"दुखत होते ना! शेवटची धा वर्सां भिंत धरूनच चलाचो."

हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की पुढचा प्रश्न माझ्या घशातच राहिला. मग त्यांनी होडीला एक फेरी मारली आणि नवा आक्षेप काढला. "हिची उलांडी खंय आसा?"

कोकणातल्या लहान होडीला एका बाजूला आडव्या दांड्यांनी लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, ती उलांडी. तिच्यामुळे होडी कलंडत नाही. कॅनडातल्या कनूला ती नसते, हे मी सांगितलं. काकांनी शिट्टी वाजवली. उलांडी नाही ती होडी नाही, त्यांच्या मते ते पन्हाळं. आणि काठाला काही लावायचंच तर काथ्या वळून लाव, हे असलं बाजारी काय? मी विचारलं, मस्कोकात काथ्या कुठून आणू? "नारळ नाय गावत हंय?" असं म्हणून त्यांनी भोवतालच्या पाइनच्या झाडांकडे अशा कीवेने पाहिलं, की मलाच त्या झाडांची बाजू घ्यावीशी वाटली.

शेवटी टेप गुंडाळून आम्ही पाण्यात उतरलो. गुडघ्यांना सुख झालं, हे कबूल करतो. पण मागे बसणारा माणूस होडी सरळ ठेवायला प्रत्येक वेळी पाणी मागे लोटून झालं की वल्हं काठाला टेकवून बाहेरच्या बाजूला ढकलतो. आता काठावर अडीच इंचाचा फोम. टेकवलेलं वल्हं त्यात रुतायचं, ओलं लाकूड फोमला घासून पिल्लू चिरडल्यासारखा आवाज यायचा, आणि होडी डावीकडे वळायची. एक गोल झाला. दुसरा झाला. पुढे बसलेली बायको मान न वळवता म्हणाली, "आपण प्रदक्षिणा घालतोय का?" धक्क्यावरून प्रत्येक गोलाला एक शिट्टी. सातापर्यंत मी मोजल्या.

दुपारभर उन्हात तापून टेपचा गोंद वितळला आणि पत्र्यावर बसला. संध्याकाळी टेप निघाली, गोंद राहिला. मी प्रामाणिकपणे होडीच्या दुकानातल्या पोराला दाखवला. तो म्हणाला, "सॉरी अबाउट दॅट, नो वरीज!" मी खूश. इथल्या 'नो वरीज'चा अर्थ 'काळजी आम्ही घेऊ, बिल तुम्ही घ्या' असा असतो हे अकरा वर्षांत कळायला हवं होतं. आणि सॉरीचं तर विचारूच नका. ओंटारिओत २००९ पासून कायदाच आहे, की सॉरी म्हटलं म्हणून दिवाणी दाव्यात चूक कबूल केली असं धरता येत नाही. माझ्या गुडघ्याबद्दल ते तसलंही सॉरी कोणी म्हणालं नाही. ज्या काठाने माणसाचं कातडं सोललं तो शाबूत राहावा म्हणून पाऊण तासाची मजुरी. आणि ज्याचं सोललं त्याने स्वतःच्या पैशाने मलम आणायचं. वर हसरा चेहरा. मी उत्तराची मेल तीनदा लिहिली आणि तीनदा पुसली. बायको म्हणाली, जाऊ दे. मी म्हटलं, प्रश्न पैशाचा नाही. ती म्हणाली, मग जाऊच दे.

तेवढ्यात मित्राचा फोन आला. काका पुढच्या आठवड्यात मालवणला परत चाललेत, बॅगा भरणं सुरू आहे, आणि त्यांना काहीतरी विचारायचंय.

"झिला," काका फोनवर म्हणाले, आवाज नेहमीपेक्षा बराच खाली, "ते तुझे शिरवाळे... एखादो शिल्लक आसा?"

"होडीला लावायला?"

"होडयेक कित्याक?" काका भडकले. "न्हाणीच्या उंबऱ्याक. काकूच्या गुडघ्याक लागता."

मी गराजमध्ये जाऊन बघितलं. एक गुलाबी उरला होता, पण निम्मा. बाकीचा अर्धा चंदेरी टेपला चिकटून निघाला होता.

"काठाक चिकटवूचो कसो?" काकांनी विचारलं. "टेप खंयची घेतलंस ती?"