छऱ्याच्या बंदुकीला लायसन नको, म्हणून पोपट मारायला मोकळीक मिळत नाही

सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: "छऱ्याच्या बंदुकीला लायसन लागत नाही. पेरू फोडणारे पोपट, नारळ पाडणारी माकडं, वटवाघळं, उंदीर यांना बिनधास्त टिपा. कायद्यानं ही उपद्रवी जनावरंच आहेत. छऱ्यानं माणसाला काही होत नाही, आणि विष घालण्यापेक्षा हे बरं. इंग्लंडमध्ये घरोघरी असंच करतात."

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात वर्षभर राखलेली केळी माकडांचा कळप एका सकाळी संपवतो. बेळगावच्या पश्चिमेकडं रताळ्याचे वेल डुकरं रात्रीत उलथवून टाकतात. नुकसान खोटं नाही. पण मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि तिच्यावर विसंबून कुणी चाप ओढला तर तुरुंगात तोच जाणार आहे. मेसेज पाठवणारा नाही.

लायसनचं आधी बघू. छऱ्याच्या बंदुकीबद्दलची, म्हणजे एअरगनबद्दलची, ही ओळ अर्धी खरी आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरच्या आत आणि छऱ्याची ऊर्जा 20 जूलच्या आत असेल, तरच लायसनची सूट मिळते. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. दुकानदार 'पॉईंट टू टू' म्हणून जी दाखवतात, ती 5.5 मिलिमीटरची. ती लायसनशिवाय घरात ठेवणं हाच गुन्हा. आणि समजा बंदूक सुटीत बसणारी आहे, तरी ही सूट बंदूक बाळगण्यापुरती आहे. तिनं काय मारायचं हे शस्त्र कायदा ठरवत नाही. ते ठरतं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार. हे दोन वेगळे कायदे आहेत, आणि सगळा गोंधळ ते एकात मिसळल्यामुळं झालाय.

आता 'उपद्रवी जनावरं'. जुन्या कायद्यात अशी एक यादी होती, पाचवी अनुसूची. तिच्यात कावळा, फळं खाणारं वटवाघूळ आणि उंदीर-घुशी होत्या. पोपट आणि माकड तेव्हाही त्या यादीत नव्हते. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू आहे. त्या दुरुस्तीत पाचवी अनुसूची पूर्ण काढून टाकली. कावळासुद्धा आता संरक्षित आहे. आपल्या पेरूवर येणारा, गळ्याभोवती गुलाबी पट्टा असलेला पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूकही सरकारजमा होते.

माकडांच्या बाबतीत फसगत सगळ्यात मोठी आहे, म्हणून इथं जरा थांबतो. 'केंद्रानं माकडांना उपद्रवी ठरवलंय' ही बातमी खरी आहे, पण ती आपली नाही. 2016 मध्ये हिमाचल प्रदेशात, ठराविक भागापुरती आणि ठराविक मुदतीपुरती तशी अधिसूचना निघाली होती. ती ऱ्हीसस माकडासाठी होती. हे उत्तरेकडचं माकड, आखूड शेपटीचं. 2022 च्या दुरुस्तीत त्याला अनुसूचीतून वगळलंही. आपल्या दारात येणारं माकड वेगळ्या जातीचं आहे. पुढच्या वेळी कौलावर बसलेलं दिसलं तर नीट बघा: शेपूट अंगापेक्षा लांब असते, आणि डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे दिसतात. हे माकड फक्त दक्षिण भारतात आढळतं आणि त्याच दुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे वाघाच्या रांगेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत वाढू शकते, आणि दंड किमान पंचवीस हजार. एकाच दुरुस्तीनं उत्तरेतलं माकड यादीबाहेर काढलं आणि आपलं सगळ्यात वरच्या यादीत घातलं. उत्तरेत लिहिलेला हिंदी मेसेज मराठी करून इथं पाठवला, की नेमकी हीच गोष्ट गळून पडते.

"मारत नाही हो, नुसता छर्रा लावून पळवतो," असंही बरेच जण म्हणतात. कायद्यात शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारीतच मोडतं. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी, मांडीत छर्रा रुतलेलं माकड कळप सोडून लांब जात नाही. ते वाडीच्या आसपासच लंगडत राहतं, दुखणं घेऊन चिडतं, आणि धुण्याच्या दगडावर एकट्या असलेल्या बाईच्या अंगावर येतं.

"चंदगडला चालतं, मग खानापुरात का नाही?" हाही एक प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या चंदगडलाही चालत नाही. वन्यजीव कायदा केंद्राचा आहे. तिलारीच्या घाटात उभं राहून महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा यांपैकी कुठल्याही बाजूला बंदूक रोखली तरी कलम तेच लागतं. उलट आपल्याकडं जपून राहायला जास्त कारण आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगातल्या दुर्मीळ वटवाघळांपैकी एक. संध्याकाळच्या अंधारात उडणारं वटवाघूळ पेरू खाणारं की किडे खाणारं, हे बंदुकीचा नेम धरताना कुणाला ओळखता येणार?

उंदीर आणि घुशीचं मात्र मान्य करतो. त्यांना कायद्याचं संरक्षण नाही. गोठ्यात लायसनची सूट असलेल्या बंदुकीनं उंदीर मारला म्हणून वन्यजीव कायदा आड येणार नाही. पण उपयोग किती? उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं होतात, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. तुम्ही बॅटरी धरून रात्रभर जागून चार टिपले, तर बांधातल्या बिळात त्याच रात्री आठ जन्मले असतील. घूस तर बॅटरीचा उजेड पडला की बिळात गडप होते.

भात कापणीनंतर बांधावर करायचं काम वेगळं आहे. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं लिंपून घ्या. सकाळी जाऊन बघा. जी पुन्हा उकरलेली दिसतील, तीच चालू बिळं. तोंडाशी भुसभुशीत ताजी माती आणि आत ओढलेली भाताची लोंबी दिसते. तेवढीच खणा, किंवा त्यांच्याच तोंडाशी उंदराचा चाप लावा. शेजाऱ्यानं त्याच आठवड्यात त्याच्या बांधावर हे केलं तरच फळ मिळतं, नाहीतर त्याच्याकडचे उंदीर पंधरा दिवसांत तुमच्याकडं येतात. वाफ्याच्या मधे उंच काठीवर आडवी फळी ठोकून ठेवली की रात्री गव्हाणी घुबड त्यावर बसतं, आणि त्याचं खाणंच उंदीर आहे.

विषापेक्षा बंदूक बरी, हे वाक्य मी सरळ खोटं म्हणणार नाही. झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या उघड्यावर टाकणं वाईटच; कुत्री-मांजरं मरतात. पण छर्रा शिशाचा असतो. छर्रा लागलेला उंदीर लांब जाऊन मरतो, त्याला घुबड किंवा घार उचलते, आणि मांसाबरोबर शिसं तिच्या पोटात जातं. म्हणजे जो पक्षी आपलं काम फुकट करतो, त्यालाच आपण विष चारतो. विष आणि बंदूक यांतून एक निवडायचं, असं कुणी ठरवलं? चाप आणि पिंजरा आहेत की.

"छऱ्यानं माणसाला काही होत नाही" ही ओळ मला सगळ्यात जास्त सतावते, कारण ती वाचून लोक बंदूक पोरांच्या हातात देतात. अर्धा ग्रॅम शिसं सेकंदाला दीडशे-दोनशे मीटर वेगानं सुटतं. डोळ्यात गेलं तर डोळा जातो. जवळून लागलं तर कातडी फोडून आत शिरतं. नेम चुकलेला छर्रा झाडाच्या पानांतून पार होऊन शेजारच्या अंगणात उतरतो. आपली परसं किती मोठी असतात? एका बाजूला शेजाऱ्याचा गोठा, दुसरीकडं वाट, मधे चिऱ्याचा गडगा. कठीण दगडावर तिरपा आपटलेला छर्रा कुठं उसळेल ते सांगता येत नाही. पोपट बसतो फांदीवर, म्हणजे बंदूक वर रोखलेली, आणि वर छर्रा अडवायला काही नसतं.

इंग्लंडचं उदाहरण द्यायचं तर पुरतं द्यावं. तिथं साधारण 16 जूलपर्यंतची बंदूक प्रमाणपत्राशिवाय चालते, आपल्यापेक्षा कमी ताकदीची. स्कॉटलंडमध्ये 2016 च्या अखेरीपासून एअर रायफललाही प्रमाणपत्र लागतं. तिकडं जी करडी खार मारतात, ती अमेरिकेतून आणून सोडलेली परकी खार आहे, आणि तिनं तिथली मूळची लाल खार हटवली. आपल्या नारळावरची पट्ट्यांची खार इथलीच आहे. आणि आपल्याच देशातलं उदाहरण हवं असेल तर अरुणाचल प्रदेश बघा. तिथं 2021 मध्ये एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली, आणि रानातले पक्षी संपत चाललेत म्हणून हजारावर लोकांनी स्वतःहून बंदुका सरकारकडं जमा केल्या.

मग पेरू कसा वाचवायचा? आधी नुकसान कुणी केलं ते बघा. झाडाखाली पडलेला पेरू कापून पाहिला, तर पुष्कळदा आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. ती फळमाशी. साल रंग धरायला लागली की मादी सुई टोचल्यासारखी आत अंडी घालते. पोपटाची चोच लांबून दिसते, म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतं. गळलेली फळं रोज गोळा करून खोल पुरा, आंबा-पेरूला फळमाशीला वासानं ओढणारे मिथाईल युजेनॉलचे सापळे लावा. दोडका-कारल्याला क्यू ल्यूरचे. पेरू लिंबाएवढा झाला की पिशवी चढवा. कागदी पिशवी पोपट कधीमधी फाडतो, तरी माशी आणि पोपट दोघांवर एकदम चालणारा याच्याइतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

माकडांवर एका घराचा उपाय चालत नाही. वाडीतल्या सगळ्यांनी पाळी लावून राखण करायला हवी, आणि देवळाजवळ त्यांना खायला घालणं बंद करायला हवं. डुकरांचं नुकसान झालं तर पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवा, फोटो काढा, पहाणीपत्रक घेऊन फॉरेस्टच्या ऑफिसात भरपाईचा अर्ज द्या. डुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असल्यानं उभ्या पिकासाठी लेखी परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती परवानगी अधिकारी देतो, ग्रुपवरचा मेसेज नाही.

झाडावर जाळी टाकणार असाल तर बारीक घराची घ्या, ताणून बांधा आणि खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर ठेवा. ढिली जाळी मातीवर लोळत राहिली की तिच्यात धामण अडकून मरते, आणि घुशीच्या बिळात शिरून पिल्लं खाणारी तीच असते.