‘कॅट’मध्ये आवाज किती?

पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावर २०२५च्या उन्हाळ्यात आमच्या घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला होता. जूनअखेर सरकारने निर्णय मागे घेतला, समिती नेमली आणि मामा-काका पुन्हा सुप्रभातवर आले. सक्ती नको, हे माझंही मत. पण परक्या भाषेचे आवाज मुलाच्या कानात उतरवायचे कसे, हे त्या भांडणात एकानेही विचारलं नाही. मला विचारावं लागलं, कारण माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं आणि आवाज यांची सांगड घालताना तो अडखळतो.

इथे इंग्लंडमध्ये २०१२पासून पहिलीच्या मुलांची ध्वनिचाचणी होते. ४० शब्द वाचायचे, त्यातले २० निव्वळ निरर्थक. म्हणजे पाठांतरावर निभत नाही. आमचा गडी तिथेच अडकला. मग शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर बटणं मांडली. ‘कॅट’मध्ये आवाज किती? मी मनात म्हटलं, दोन. कॅ आणि ट. बाईंनी तीन बटणं सरकवली: क्, ॲ, ट्. बाराखडीवर वाढलेला माझा कान स्वर सुटा काढायला शिकलाच नव्हता! ‘शिप’ आणि ‘शीप’चंही तेच. ऱ्हस्व-दीर्घावरून आपण लिहिताना भांडतो, बोलताना कोण पाळतं?

पुढे फ्रेंच आलं, तेव्हा शाळेने सुचवलं, त्याला फ्रेंच सोडू द्या, त्या तासाला इंग्रजीची उजळणी घेऊ. (इथलंही सगळं सोन्याचं नाही.) मी अडून बसले. घरी आम्ही नाकावर बोट ठेवून शिकलो. वारा आणि वाइन, दोन्हींच्या फ्रेंच शब्दांत नाक थरथरतं, पण तोंडाचा आकार वेगळा. स्पेलिंग नंतर. माझी गोव्याची आई व्हिडिओ कॉलवर कोकणीत ‘हांव’ (मी) म्हणाली, तर पठ्ठ्या ओरडला, “आजीचं पण नाक वाजतंय!”

आपल्याकडे राज्य मंडळ अशा मुलांना प्रमाणपत्रावर एक भाषा सोडून कार्यानुभवाचा विषय घेऊ देतं. ती सवलत हवीच, तिच्यासाठी आईबापांनी खेटे घातलेत. पण भाषा सोडायची वेळ येईपर्यंत आवाज शिकवले कुणी? नाशिकच्या माझ्या भाचीला स्पेलिंग चुकलं की दहा वेळा लिहायला लावतात. ऐकूच न आलेला आवाज दहा वेळा लिहून ऐकू येतो होय?

भावजयीला बटणांची युक्ती सांगितली. “पण ताई, हे परीक्षेत येतं का हो?”

इथे आता येतं. २०२६पासून जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, फ्रेंचमध्ये श्रुतलेखन आहे, शिवाय मोठ्याने वाचनही. ते कळल्यापासून आमचा बटणांचा डबा माळ्यावरून पुन्हा खाली आलाय.