मामीची पेज आणि साखरेचा फॉरवर्ड

चवथीच्या तोंडावर आमच्या डिचोलीच्या नातेवाइकांच्या ग्रूपवर तो मेसेज परत फिरला: ‘कॅन्सरच्या पेशीतला मायटोकॉन्ड्रिया मेलेला असतो, ती फक्त साखरेवर जगते. हे शोधणाऱ्या वॉरबर्गना १९३१ साली नोबेल मिळालं. साखर-भात तोडा, लक्ष्मणफळ खा, गाठ उपाशी मरेल.’ तो वाचून मामेभावाने केमो चालू असलेल्या मामीची सकाळची उकड्या तांदळाची पेज बंद केली. मी जीवशास्त्र शिकवतो, गप्प बसवेना. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतले ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे भाग.

नोबेलचं आधी उरकतो. ऑटो वॉरबर्ग यांना १९३१चं पारितोषिक मिळालं ते पेशीच्या श्वसनातल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) कामासाठी. कॅन्सरच्या गाठी ऑक्सिजन असतानाही भरपूर ग्लुकोज आंबवतात हे निरीक्षण त्यांचंच, आणि ते खरं आहे. पेट स्कॅन, म्हणजे जास्त ग्लुकोज ओढणाऱ्या जागा दाखवणारी तपासणी, त्याच्याच जोरावर चालतो. त्यामागचं कारण म्हणजे बिघडलेलं श्वसन, हा त्यांचा तर्क होता. १९५६ सालीही ते तोच मांडत होते. तो टिकला नाही. बहुतेक कॅन्सरपेशींतले मायटोकॉन्ड्रिया चालू असतात.

नुसते चालू नाहीत, घरकारभारात ढवळाढवळ करणारे. गाठीतल्या थोड्या पेशी मूलपेशींसारख्या वागतात, म्हणजे स्वतःसारख्या आणि इतर प्रकारच्याही नव्या पेशी घडवत राहतात, आणि उपचारानंतर गाठ परत उगवते ती बऱ्याचदा त्यांच्यामुळे, असं मानलं जातं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पुस्तकातल्या चित्रासारखी एकटी शेंग नव्हे. ते सतत तुटतात आणि एकमेकांत मिसळतात. पेशी दुभंगण्याआधी डीआरपी१ नावाचं प्रथिन त्यांचे तुकडे करतं, म्हणजे वाटणी करता येते.

ही वाटणी मात्र नेहमी सारखी नसते. २०१५ साली स्तनातल्या मूलपेशींसारख्या मानवी पेशींवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जुन्या मायटोकॉन्ड्रियांना खूण करून ठेवली होती. पेशी दुभंगली तेव्हा जुना माल बहुतेक एकाच लेकीच्या, म्हणजे नव्या पेशीच्या, पदरात पडला आणि नवा माल मिळालेल्या लेकीने मूलपेशीपण राखलं. भावकीच्या वाटणीत फुटकी भांडी एकाच्याच वाट्याला यावीत, तसंच. तुकडे पडणं रोखलं तेव्हा निवडून वाटणं बिघडलं आणि लेकींचं मूलपेशीपणही गेलं. त्या पेशी कॅन्सरच्या नव्हत्या, हे सांगायला हवं. पण ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीतल्या मूलपेशींतही डीआरपी१ जास्त सक्रिय आढळलं आणि ते दाबल्यावर उंदरांत गाठीची वाढ मंदावली.

मग तुकडे थांबवले की झालं? स्तनाच्या कॅन्सरवरच्या दुसऱ्या एका कामात उलटं दिसलं: तिथे मायटोकॉन्ड्रिया एकत्र मिसळल्याने मूलपेशीपण टिकत होतं. गाठीगणिक हिशेब बदलतो. संशोधकांना जिथे अजून एकच गुरुकिल्ली सापडलेली नाही, तिथे आमच्या ग्रूपला ती साखरेच्या डब्यात सापडली.

आता उपाशी मारण्याचं. साखर तोडली तरी रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते तयार करतं, लागलं तर शरीरातल्या प्रथिनांपासूनही. कॅन्सरपेशी ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) आणि चरबीही वापरतात, आणि काही कॅन्सरमधल्या मूलपेशी तर नेमक्या मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जेवरच तगतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये, उंदरांवरच्या २०१४च्या कामात, कॅन्सरला चालवणारं मुख्य जनुक बंद केल्यावरही ज्या पेशी उरल्या त्या अशाच होत्या. मेसेजचं ऐकून झिजते ती मामी.

लक्ष्मणफळाची तर गंमतच. त्यातलं अ‍ॅनोनासिन हे द्रव्य मायटोकॉन्ड्रियाच्याच पहिल्या संकुलावर, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या साखळीच्या पहिल्या प्रथिनगटावर, घाव घालतं, आणि तेही कॅन्सरपेशी निवडून नाही. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा (हालचाली मंदावणारा, कंप आणणारा) मेंदूचा आजार जास्त दिसल्याचं १९९९ सालीच नोंदलं गेलं. म्हणजे मेसेजच्या मते जो मेलेला आहे, त्यालाच मारायचं औषध मेसेज सांगतो!

मामेभावाला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, ‘मग नेवऱ्या पण चालतील?’ आहारतज्ज्ञांना विचारून पेज दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. नेवरी (आमची करंजी) मात्र एकच मिळाली, कारण मामीला मधुमेह आहे.